डॉक्टरकीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत नेमकं काय मोजतात?

‘रक्तदाब मोजण्याच्या पायऱ्या लिहा’ असा प्रश्न आला तर बहुतेक वैद्यकीय विद्यार्थी पैकीच्या पैकी गुण घेतील. त्याच विद्यार्थ्यांच्या हातात कफ (दंडाला गुंडाळून हवा भरायचा पट्टा) आणि स्टेथो द्या, की चित्र बदलतं. कुणी शर्टाच्या बाहीवरूनच कफ गुंडाळतो. कुणी हवा इतक्या झरकन सोडतो की पहिला ठोका ऐकू येईपर्यंत काटा 20 मिलिमीटर खाली आलेला असतो. कुणी सगळं व्यवस्थित करतो, पण रुग्ण नुकताच जिना चढून आला आहे याकडे त्याचं लक्षच नसतं. डोक्यात असलेलं हातात उतरलंय का, हे कागदावर कळत नाही. त्यासाठी विद्यार्थ्याला ते काम करताना बघावं लागतं. ऐकायला सोपं वाटतं, पण ते सगळ्यांसाठी सारखं आणि न्याय्य करायला गेलं की फार गुंतागुंतीचं होतं.

अमेरिकन वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ जॉर्ज मिलर यांनी 1990 मध्ये या साऱ्याची मांडणी चार पायऱ्यांच्या एका पिरॅमिडमध्ये केली. सगळ्यात खाली ‘माहीत आहे’. त्यावर ‘कसं करायचं हे माहीत आहे’. तिसरी पायरी ‘करून दाखवतो’ आणि टोकाला ‘रोजच्या कामात खरोखर करतो’. बहुपर्यायी प्रश्न पहिल्या पायरीवर चालतात. एखाद्या रुग्णाची माहिती देऊन ‘पुढे काय कराल’ असं विचारलं की आपण दुसरीवर पोचतो. प्रात्यक्षिक परीक्षा तिसऱ्या पायरीची. चौथी पायरी परीक्षेच्या खोलीत दिसतच नाही. ती वॉर्डात, ओपीडीत, रात्रपाळीत दिसते. कुठल्या पायरीसाठी कुठलं साधन, हे एकदा डोक्यात बसलं की या क्षेत्रातले अर्धे वाद आपोआप मिटतात, कारण बरेचदा भांडण साधनाचं नसतंच. चुकीच्या पायरीवर वापरलेल्या साधनाचं असतं.

लाँग केसची अडचण

पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली पद्धत म्हणजे लाँग केस. विद्यार्थ्याला एक रुग्ण नेमून देतात. साधारण तासभर तो एकटाच रुग्णाशी बोलतो, तपासतो, केस लिहून काढतो. मग परीक्षक येतात, केस ऐकतात आणि वीसेक मिनिटं प्रश्न विचारतात.

यात गंमत अशी, की ज्या कौशल्याची परीक्षा घ्यायची ते परीक्षकांनी पाहिलेलंच नसतं. विद्यार्थ्याने पोट खरंच चाचपलं की यकृत दोन बोटं लागतंय हे रुग्णाच्या जुन्या केसपेपरमधून उतरवलं, हे कळायला मार्ग नाही. गुण मिळतात ते सादरीकरणाला आणि तोंडी उत्तरांना, म्हणजे आपण पुन्हा मिलरच्या दुसऱ्या पायरीवर घसरलो. हा दोष दुरुस्त करता येतो: परीक्षकाने पूर्ण वेळ बाजूला बसून बघायचं. वेळ खूप जातो, पण परीक्षा खरी होते.

दुसरी अडचण जास्त खोल आहे. शितावरून भाताची परीक्षा करता येते, कारण भात सगळीकडे सारखाच शिजलेला असतो. कौशल्य तसं सारखं शिजत नाही. छातीत दुखणाऱ्या रुग्णाची हिस्टरी (प्रश्न विचारून आजाराची माहिती) उत्तम घेणारा विद्यार्थी तापातल्या बाळाच्या आईशी बोलताना गडबडतो. हृदयाचे आवाज अचूक ओळखणाऱ्याला गुडघा तपासता येईलच असं नाही. एका केसवरच्या कामगिरीवरून दुसऱ्या केसवरच्या कामगिरीचा अंदाज फारसा बांधता येत नाही, हे वैद्यकीय शिक्षणातल्या संशोधनात पुन्हापुन्हा दिसलेलं आहे. याला ‘केस स्पेसिफिसिटी’ म्हणतात. एकाच रुग्णावर निकाल लावायचा तर ओळखीचा आजार वाट्याला आला की विद्यार्थी पास, नाही आला की नापास. त्यात परीक्षक कडक की मवाळ याची भर.

हे आकड्यांत मोजतात. परीक्षेची विश्वसनीयता 0 ते 1 या मापावर सांगतात: तीच परीक्षा वेगळे रुग्ण आणि वेगळे परीक्षक घेऊन पुन्हा घेतली, तर विद्यार्थ्यांचा क्रम कितपत तसाच राहील? डॉक्टर होऊ द्यायचं की नाही असा मोठा निर्णय असेल तर निदान 0.8 हवं असं धरतात. तासाभराच्या लाँग केस परीक्षेचा या क्षेत्रात नेहमी दिला जाणारा आकडा 0.60 आहे. आणि जी परीक्षा लाँग केसला ‘वस्तुनिष्ठ’ पर्याय म्हणून पुढे आली (ओस्की, तिच्याबद्दल पुढे येईलच) तिचा तासाभराचा आकडा किती? 0.54. म्हणजे किंचित कमीच! परीक्षेचा वेळ चार तासांवर नेला, तेवढे जास्त रुग्ण आणि परीक्षक घेतले, की दोन्ही 0.8 च्या वर जातात.

हा आकडा पचवायला जड जातो, पण सगळ्यात महत्त्वाचा तोच आहे. विश्वसनीयता छापील चेकलिस्टमधून येत नाही. ती येते भरपूर आणि वेगवेगळे नमुने घेण्यातून. जास्त रुग्ण, जास्त प्रसंग, जास्त परीक्षक. पुढचं सगळं या एका गोष्टीच्या उजेडात वाचावं.

ओस्की: फिरती परीक्षा

स्कॉटलंडमधल्या डंडी इथे रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये एक नवी परीक्षा मांडली. तिचं नाव ऑब्जेक्टिव्ह स्ट्रक्चर्ड क्लिनिकल एक्झामिनेशन. सगळे म्हणतात ओस्की. कल्पना साधी आहे. एका रुग्णाजवळ तासभर बसण्याऐवजी विद्यार्थी एकामागून एक अनेक स्टेशनांवर जातात. प्रत्येक स्टेशनवर एक ठरावीक काम, ठरावीक वेळ आणि ठरावीक गुणपत्रिका. घंटा वाजली की पुढचं स्टेशन. सगळ्यांना तीच कामं, आणि एका सर्किटमधल्या, म्हणजे स्टेशनांच्या एका पूर्ण संचातल्या, सगळ्यांना तेच परीक्षक. एक परीक्षक फार कडक असला तरी तो सोळापैकी एकच असतो.

हिशेब मांडून बघा. 16 स्टेशनं, प्रत्येकी 8 मिनिटं, आणि पुढच्या स्टेशनवर जाऊन दारावरची सूचना वाचायला 2 मिनिटं. म्हणजे एक फेरी 160 मिनिटांची आणि तीत एका वेळी 16 विद्यार्थी. 96 विद्यार्थी असतील तर सहा फेऱ्या, म्हणजे 16 तास. एकच सर्किट लावलं तर दोन पूर्ण दिवस जातात, आणि पहिल्या दिवशीचे विद्यार्थी संध्याकाळी दुसऱ्या दिवसवाल्यांना सगळं सांगतात. दोन सर्किटं समांतर लावली तर काम एका दिवसात उरकतं, पण 32 परीक्षक लागतात, आणि ‘आमच्या सर्किटचे परीक्षक जास्त कडक होते’ ही तक्रार येते. ती दरवेळी खोटी नसते. म्हणून परीक्षेनंतर प्रत्येक स्टेशनसाठी दोन्ही सर्किटांची सरासरी शेजारी शेजारी ठेवून बघायचीच.

या फेरीत प्रत्यक्ष परीक्षेचा वेळ 16 गुणिले 8, म्हणजे 128 मिनिटं. दोन तासांना विश्वसनीयता साधारण 0.7 पडते. एवढा खटाटोप करून 0.8 नाही! म्हणूनच एकाच ओस्कीवर कुणाचं वर्ष ठरवू नये आणि दोन परीक्षांचे निकाल एकत्र बघावेत, असं जाणकार सांगतात. सहा-सात स्टेशनांची ओस्की घेऊन तिला अंतिम परीक्षा म्हणणं तर लाँग केसपेक्षाही अन्यायाचं आहे, कारण तिच्या अंगावर वस्तुनिष्ठतेचा कोट चढवलेला असतो.

स्टेशनं ठरवण्याआधी एक तक्ता करायचा असतो, त्याला ब्ल्यूप्रिंट म्हणतात. आडव्या ओळीत कौशल्यं: हिस्टरी घेणं, तपासणी, हाताने करायच्या प्रक्रिया, रुग्णाला समजावणं, तपासण्यांचे रिपोर्ट वाचणं. उभ्या रकान्यात विषय: हृदय, श्वसन, पोट, मेंदू आणि मज्जासंस्था, बालरोग, प्रसूती, मानसिक आजार आणि पुढे. मग प्रत्येक स्टेशन या तक्त्याच्या एकेका घरात बसवायचं. हा तक्ता केला नाही तर काय होतं ते ठरलेलं आहे: प्रत्येक विभाग आपल्याला सोयीचं स्टेशन पाठवतो आणि शेवटी हिस्टरीची सात स्टेशनं होतात, मानसिक आजाराचं एकही नाही.

एक स्टेशन जवळून

रक्तदाबाचंच घेऊ. दारावर सूचना चिकटवलेली असते: ‘ही व्यक्ती नेहमीच्या तपासणीसाठी आली आहे. तिचा रक्तदाब हाताने चालवायच्या यंत्रावर मोजा, नोंद करा आणि तिला निष्कर्ष सांगा. वेळ 8 मिनिटं.’ सूचना अशीच हवी. ‘या रुग्णाचं मूल्यमापन करा’ असं लिहिलं तर निम्मे विद्यार्थी हिस्टरी घेत बसतील, आणि दोष त्यांचा नसेल.

आत गेल्यावर परीक्षक काय बघतो? नाव विचारून ओळख पटवली का, हात स्वच्छ केले का, काय करणार ते सांगून परवानगी घेतली का. व्यक्ती निदान 5 मिनिटं शांत बसली होती का, याची चौकशी केली का. पाठीला टेकू, पाय जमिनीवर सपाट आणि एकावर एक टाकलेले नाहीत, हात हृदयाच्या पातळीवर टेकवलेला. दंड उघडा. कफची निवड: आतल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या निदान 80 टक्के हवी, लहान कफ लावला तर रक्तदाब खोटाच जास्त दिसतो. कफची खालची कड कोपराच्या घडीच्या साधारण दोन-अडीच सेंटिमीटर वर. मग मनगटाची नाडी चाचपत हवा भरायची, नाडी लागेनाशी झाली तो आकडा लक्षात ठेवायचा, हवा सोडायची, आणि नंतर स्टेथो लावून त्या आकड्याच्या 20 ते 30 मिलिमीटर वरपर्यंत भरायचं. दर सेकंदाला 2 ते 3 मिलिमीटर या वेगाने खाली यायचं. आवाज सुरू होतो तो वरचा आकडा, पूर्ण थांबतो तो खालचा. नोंद जवळच्या 2 मिलिमीटरपर्यंत.

नाडी चाचपण्याची पायरी सगळ्यात जास्त गाळली जाते. तिचं कारण माहीत नसलं की ती निरर्थक वाटते. काही लोकांत, विशेषतः रक्तदाब जास्त असलेल्यांत, वरच्या आकड्यानंतर आवाज मध्येच गायब होतो आणि खाली पुन्हा सुरू होतो. कमी हवा भरून सुरुवात केली तर विद्यार्थी त्या पोकळीत उतरतो आणि दुसऱ्यांदा सुरू झालेल्या आवाजाला पहिला आवाज समजतो. 180 चा रुग्ण 140 म्हणून घरी जातो.

आता खरा प्रश्न: विद्यार्थ्याने 128/82 लिहिलं, ते बरोबर आहे का? परीक्षकाला कसं कळणार? दोघांच्या कानांसाठी वेगळ्या नळ्या असलेला शिकवण्याचा स्टेथो मिळतो; तो वापरला तर परीक्षकही तेच ठोके ऐकतो, आणि दोघांच्या आकड्यांत 4 मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको असं आधीच ठरवता येतं. दुसरा मार्ग म्हणजे रक्तदाब आधी ठरवून ठेवता येणारा नकली हात. यातलं काहीच केलं नाही तर आठ मिनिटांचा सुंदर अभिनय करून मनातला आकडा सांगणाराही पास होतो. बऱ्याच स्टेशनांची ही दुखरी नस आहे: कृती तपासली जाते, तिचं फळ तपासलं जात नाही.

चेकलिस्ट की एकूण मत

वरची यादी बघून वाटेल, की प्रत्येक पायरीला ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ अशी खूण करायची आणि बेरीज करायची. सुरुवातीच्या ओस्कींत तसंच होतं. नवशिक्यांसाठी आणि पायऱ्या ठरलेल्या प्रक्रियांसाठी, म्हणजे रक्त काढणं, कॅथेटर घालणं, छाती दाबून पुनरुज्जीवन, चेकलिस्ट चांगलीच काम करते. पण हिस्टरी घेण्याच्या स्टेशनवर तीच चेकलिस्ट उलटते. मुरलेला डॉक्टर तीन प्रश्नांत निदानाजवळ पोचतो आणि बाकीचे विचारतच नाही, त्याचे गुण जातात. घोकून आलेला विद्यार्थी गोळीबारासारखे चाळीस प्रश्न टाकतो, रुग्णाच्या उत्तराकडे बघतही नाही, आणि त्याला जास्त गुण पडतात. विद्यार्थीही हुशार असतात. ‘मी आता हात धुतोय’ असं मोठ्याने बोलत हात हवेतच चोळण्याची कला ओस्कीनेच जन्माला घातली.

म्हणून आता बहुतेक ठिकाणी दोन्ही ठेवतात. ठळक पायऱ्यांची छोटी यादी, आणि त्याच्या जोडीला परीक्षकाचं एकूण मत: नापास, काठावर, ठीक, चांगला, उत्तम. तज्ज्ञ परीक्षकाचं असं मत चेकलिस्टइतकं किंवा त्याहून जास्त विश्वसनीय ठरू शकतं, हे 1990 च्या दशकातल्या अभ्यासांनी दाखवलं आणि बऱ्याच जणांना ते रुचलं नाही. ‘मत’ म्हटलं की पक्षपाताचा वास येतो. पण सोळा वेगवेगळ्या माणसांची मतं एकत्र केली की एकेकाचा पक्षपात बराच धुऊन निघतो. पुन्हा तेच, नमुने.

चेकलिस्ट करताना वजनाचा विचार हवा. ‘स्वतःची ओळख करून दिली’ याला 1 गुण आणि ‘पेनिसिलिनची ॲलर्जी आहे का विचारलं’ यालाही 1 गुण असेल, तर ॲलर्जी न विचारता इंजेक्शन देणारा विद्यार्थी 20 पैकी 19 घेऊन जाईल. काही ठिकाणी म्हणूनच ‘घातक चूक’ असा वेगळा चौकोन ठेवतात. तो अगदी मोजक्या चुकांसाठी, आणि आधी लिहून ठेवलेल्या चुकांसाठीच वापरावा. नाहीतर परीक्षक रागाच्या भरात तो भरत सुटतात.

रुग्ण कोण?

खऱ्या रुग्णांना पर्याय नाही असं म्हणणारे बरोबर आहेत. हृदयाचा खरा मरमर (ठोक्यांमधला जादा आवाज), खरी वाढलेली प्लीहा अभिनेत्याला नकली करता येत नाही. पण एका दिवसात वीस-पंचवीस विद्यार्थ्यांनी पोट दाबलं की शेवटच्याच्या वेळी रुग्ण पोट ताठ धरतो आणि प्लीहा लागतच नाही. अशा स्टेशनवर त्याच प्रकारचे दोन रुग्ण ठेवून आळीपाळीने आणायला हवेत. सकाळी परीक्षकांनी स्वतः तपासून चिन्हं आजही आहेत ना, हेही बघावं. पंधरवड्यापूर्वीचा फुप्फुसाभोवतीचा द्रव आज राहिलेला नसेल.

संवादाच्या स्टेशनांसाठी प्रशिक्षित अभिनेते वापरतात. 1963 मध्ये हॉवर्ड बॅरोज या न्यूरॉलॉजिस्टने सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात एका निरोगी व्यक्तीला रुग्णाची भूमिका शिकवून याची सुरुवात केली. अभिनेत्याला पटकथेपेक्षा जास्त काहीतरी द्यावं लागतं: पहिलं वाक्य कोणतं, कुठली माहिती आपणहून सांगायची, कुठली फक्त विचारल्यावर, आणि कुठली फक्त विश्वास वाटला तरच. ‘दारू पिता का?’ असं फटकन विचारलं तर ‘कधीतरी’. शांतपणे, कारण सांगून विचारलं तर खरं प्रमाण. हे लिहून ठेवलं नाही तर दुपारपर्यंत भूमिका घसरते. सकाळच्या विद्यार्थ्यांपुढे मूग गिळून बसलेला रुग्ण दुपारी थकून सगळं आपणहून सांगायला लागतो.

एक जोडपद्धत फार उपयोगाची आहे. अभिनेत्याच्या हातावर टाके घालण्याचा कृत्रिम त्वचेचा पॅड बांधायचा. विद्यार्थ्याला पॅडवर टाके घालायचे असतात, पण हाताच्या वर एक बोलणारं, घाबरलेलं माणूस असतं. नुसत्या पॅडवर सफाईने गाठ मारणारे इथे भूल देण्याआधी सांगायला विसरतात. खाजगी अवयवांच्या तपासणीत मॅनिकिन, म्हणजे सरावाचा पुतळा, टेबलावर आणि अभिनेता शेजारी, अशीच रचना करतात. संमती, आडोसा, सोबत तिसरी व्यक्ती असणं या गोष्टी तिथेच तपासता येतात.

परीक्षकही माणूसच

परीक्षकांच्या चुका ओळखीच्या आहेत. पहिल्या अर्ध्या मिनिटात विद्यार्थी आवडला, की पुढच्या चुका दिसेनाशा होतात. लागोपाठ तीन कच्चे विद्यार्थी गेल्यावर आलेला साधारण विद्यार्थी हुशार वाटतो, आणि तीन हुशारांनंतरचा तोच विद्यार्थी कच्चा. काही परीक्षकांना शिकवण्याची सवय आवरत नाही: ‘अजून काही विचारायचं राहिलं का?’ हा निरुपद्रवी वाटणारा प्रश्न म्हणजे फुकटचे दोन गुण आहेत. बोलायचं असेल तर काय बोलायचं, ते वाक्य गुणपत्रिकेवर छापलेलं असावं, आणि तेवढंच बोलावं.

उपाय एकच, कंटाळवाणा पण खात्रीचा: परीक्षेआधी सगळ्यांनी मिळून एक-दोन रेकॉर्ड केलेल्या कामगिऱ्या बघायच्या, स्वतंत्रपणे गुण द्यायचे, मग एकमेकांचे आकडे उघड करायचे. एकाच व्हिडिओला कुणी 9 तर कुणी 16 दिलेले दिसले, की चर्चेला आपोआप धार येते. ही तासाभराची बैठक वेळ नाही म्हणून वगळली जाते, आणि मग निकालानंतर त्याच्या कितीतरी पट वेळ तक्रारींत जातो.

पास कुठे म्हणायचं?

50 टक्क्यांवर पास ही रूढी इतकी अंगवळणी पडली आहे की तिचं कारण कुणी विचारत नाही. पण स्टेशनं सारख्या अवघडपणाची नसतात. हात धुण्याच्या स्टेशनवर 20 पैकी 12 मिळवणारा धोकादायक असू शकतो, आणि मृत्यूची बातमी सांगण्याच्या स्टेशनवर 12 मिळवणारा चांगला.

यावर बऱ्याच ओस्कींत वापरली जाणारी तोड म्हणजे बॉर्डरलाइन रिग्रेशन. नाव भारी आहे, काम सोपं. परीक्षकाने गुणही दिलेत आणि एकूण मतही: 1 नापास, 2 काठावर, 3 ठीक, 4 चांगला, 5 उत्तम. आलेखावर प्रत्येक विद्यार्थ्याचा ठिपका काढायचा: आडवं एकूण मत, उभे गुण. ठिपक्यांमधून जवळात जवळ जाणारी सरळ रेषा ओढायची. ती ‘2’ या मताला जिथे छेदते तेवढे गुण म्हणजे त्या स्टेशनची पास होण्याची रेघ. समजा मत 1 ला रेषा 8 गुणांवर आहे आणि प्रत्येक पायरीला अडीच गुणांनी चढते. तर काठावरचा आकडा 10.5. सोप्या स्टेशनवर हाच आकडा 14 येईल, अवघड स्टेशनवर 8. परीक्षकाला पासची रेघ माहीत नसते, त्यामुळे ‘एका गुणाने गेला, देऊन टाकू’ हा मोहही होत नाही. विद्यार्थी फार थोडे असतील, वीस-पंचवीस वगैरे, तर रेषा डळमळते. तिथे परीक्षेआधीच तज्ज्ञांनी एकत्र बसून ‘काठावरचा विद्यार्थी यातलं किती करेल’ याचा अंदाज बांधण्याची अँगॉफ पद्धत बरी पडते.

सगळ्या स्टेशनांच्या रेघांची बेरीज केली की परीक्षेची रेघ मिळते. काही संस्था तिच्यावर मापनातल्या चुकीएवढी भर घालतात: 320 पैकी रेघ 176 आणि चूक 8 गुणांची, तर पास 184 वर. कारण नीट न शिकलेल्याला पास करण्याची किंमत रुग्ण मोजतो. शिवाय निदान दहा स्टेशनं तरी पास हवीत अशी अट घालतात, नाहीतर ईसीजी आणि एक्स-रे वाचण्यात सगळे गुण कमावून रुग्णाला हात न लावणारा माणूस पुढे जातो.

निकाल लागल्यावर प्रत्येक स्टेशनचीही परीक्षा व्हायला हवी. बाकीच्या परीक्षेत हुशार ठरलेले विद्यार्थी एखाद्याच स्टेशनवर धडाधड पडले असतील, तर बहुधा स्टेशनमध्ये खोट असते: सूचना संदिग्ध, वेळ अपुरा, किंवा डोळ्याच्या आत बघायच्या ऑफ्थॅल्मोस्कोपची बॅटरी दुसऱ्या फेरीतच संपलेली. शेवटचं हसण्यासारखं वाटतं, पण परीक्षेच्या दिवशी घात करणाऱ्या गोष्टी अशाच असतात. एकाच मापाचे हातमोजे, घंटा ऐकू न येणारी कोपऱ्यातली खोली, पातळ पडद्यापलीकडून ऐकू येणारं शेजारच्या स्टेशनचं निदान.

खोलीबाहेर

हे सगळं महाग आहे. अमेरिकेत डॉक्टरकीचा परवाना हवा असणाऱ्यांसाठी 2004 पासून अभिनेत्यांसह घेतली जाणारी राष्ट्रीय प्रात्यक्षिक परीक्षा होती, फी हजार डॉलरहून जास्त. साथीमुळे ती मार्च 2020 मध्ये थांबली आणि जानेवारी 2021 मध्ये कायमची बंद झाल्याचं जाहीर झालं. तेव्हापासून हाताचं कौशल्य तपासण्याचा भार बराचसा महाविद्यालयांवर येऊन पडला.

आणि कितीही खर्च केला तरी ओस्की तिसऱ्या पायरीवरच राहते. चौथ्या पायरीसाठी विद्यार्थ्याला कामातच बघायला हवं. त्यातलं सगळ्यात रुळलेलं साधन मिनी-सीईएक्स (मिनी क्लिनिकल इव्हॅल्युएशन एक्सरसाइज), जे 1990 च्या दशकात अमेरिकेत जॉन नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी तपासून पाहिलं. वरिष्ठ डॉक्टर विद्यार्थ्याला खऱ्या रुग्णासोबत 15 ते 20 मिनिटं बघतो आणि लगेच 5 ते 10 मिनिटं बोलतो. गुण 1 ते 9 या मापावर: 4 च्या खाली असमाधानकारक, 7 आणि त्यापुढे उत्तम. एकदा करून उपयोग नाही. वर्षभरात आठ-दहा वेळा, वेगवेगळ्या डॉक्टरांसमोर, वेगवेगळ्या रुग्णांवर. हाताच्या प्रक्रियांसाठी याचंच भावंड म्हणजे डॉप्स (डायरेक्ट ऑब्झर्व्हेशन ऑफ प्रोसीजरल स्किल्स).

प्रत्यक्षात हे कसं बिघडतं? फॉर्म वर्षाच्या शेवटी एकदम भरले जातात, सगळ्यांना सात किंवा आठ, आणि शेऱ्याच्या जागी ‘चांगलं काम, असंच चालू ठेवा’. ज्याच्यासोबत रोज चहा घेतो त्याला तोंडावर 3 देणं कुणालाच आवडत नाही. म्हणून अलीकडे आकड्याऐवजी भरवशाचा प्रश्न विचारतात, जो नेदरलँड्समधल्या ऑले टेन केट यांच्या 2005 मधल्या मांडणीतून पुढे आला. एखादं काम, समजा पाठीच्या मणक्यातून पाणी काढणं, या विद्यार्थ्यावर कितपत सोपवता येईल? फक्त बघू दे, मी शेजारी उभा असताना करू दे, मी हाकेच्या अंतरावर असताना, एकटा, आणि शेवटी, दुसऱ्याला शिकवू शकेल इतका. अनुभवी डॉक्टर हा विचार मनात रोजच करत असतात, त्यामुळे उत्तर प्रामाणिक येण्याची शक्यता वाढते.

फॉर्ममध्ये आकडा कुठलाही असो, उपयोगाची असते ती एक ओळ. ‘संवाद सुधारा’ अशी नाही. ‘रुग्णाने दोनदा आईच्या कर्करोगाचा उल्लेख केला, दोन्ही वेळा तू पुढचा प्रश्न विचारलास’ अशी. ती लिहायला वरिष्ठाने पंधरा मिनिटं खरोखर बघितलेलं असावं लागतं.